मी अशी कोण लागून गेले?

शरणपूर रोड असो, नाशिकरोड असो की देवळाली, चर्चच्या मंडळीत एखादी बाई असतेच. संडे स्कूल तिनेच वर्षानुवर्षं चालवलेलं, महिला संघाचा हिशोब तिच्याकडे, आणि उपासना संपली की चपला घालता घालता कुणी ना कुणी तिच्यापाशी घुटमळतं. नोकरी सोडू का, बारावीनंतर पोराला कुठे घालू, सासूशी एवढं एक कसं बोलू. ती ऐकून घेते, मध्येच एखादा प्रश्न विचारते, आणि समोरच्याला आपलं उत्तर आपणच सापडतं. हेच काम रीतसर शिकून, वेळ ठरवून, फी घेऊन करायचं म्हटलं की मात्र तिचे हातपाय गार पडतात. ‘मी अशी कोण लागून गेले? पाळकसाहेब काय म्हणतील? देवाच्या कामाचे पैसे घ्यायचे? आणि माझंच घर कुठे धड आहे!’

एका दमात बाहेर पडणारी ही चार वाक्यं खरं तर चार वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. पहिलं पात्रतेबद्दल, दुसरं परवानगीबद्दल, तिसरं पैशाबद्दल आणि चौथं स्वतःच्या अपुरेपणाबद्दल. आपण त्यांची एकच मोट बांधतो, तिला ‘आत्मविश्वास नाही’ असं नाव देतो आणि मग आत्मविश्वास वाढवायच्या मागे लागतो. माझं म्हणणं असं, की मोट आधी सोडावी. यातली काही शंका निव्वळ सवयीची असते, काही समाजाने घातलेली, आणि काही अगदी रास्त. रास्त शंकेला पळवून लावण्यात शहाणपण नाही.

आधी हे काम काय आहे ते पाहू, कारण नाशिकमध्ये कोचिंगची पाटी लावली तर पहिला फोन ‘नीटची बॅच कधी सुरू होतेय’ असाच यायचा. इथे बोलतोय ते जीवनविषयक किंवा कामकाजाविषयीचं कोचिंग. त्याची आजची घडण खेळाच्या मैदानावरून आली. टिमथी गॅलवे नावाच्या टेनिस प्रशिक्षकाने 1974 साली ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक लिहिलं. खेळाडूला सारख्या सूचना दिल्याने तो बिघडतो, उलट त्याचं लक्ष चेंडूकडे वळवणारा प्रश्न विचारला तर तो स्वतःच सुधारतो, हा त्याचा मुद्दा. जॉन व्हिटमोर यांनी 1992 च्या पुस्तकातून हीच पद्धत कचेऱ्यांमध्ये नेली आणि ध्येय, वास्तव, पर्याय, निर्धार असा संभाषणाचा चार टप्प्यांचा क्रम लोकप्रिय केला. 1995 साली अमेरिकेत थॉमस लिओनर्ड यांच्या पुढाकाराने या व्यवसायाची संघटना उभी राहिली. आज ती इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून ओळखली जाते. कोच सल्ला देत नाही, आजारावर उपचार करत नाही. माणसाला काय करायचंय हे त्याच्याच तोंडून स्पष्ट होईपर्यंत तो ऐकतो आणि विचारतो.

ख्रिस्ती कोचिंग म्हणजे यातच श्रद्धेची बैठक उघडपणे मान्य करणं. ग्राहकाची इच्छा असेल तर प्रार्थना, पवित्र शास्त्राचं वाचन, ‘देवाचं मला पाचारण कशासाठी आहे’ हा प्रश्न, हे सगळं संभाषणात येऊ शकतं. पुष्कळांना हे परदेशातून आलेलं नवं खूळ वाटतं. पण चर्चच्या इतिहासात त्याचा एक फार जुना पूर्वज आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेला 1548 साली पोपची मान्यता मिळाली. साधना करवून घेणाऱ्याला त्यांनी एक सक्त सूचना दिली आहे. साधकाला या किंवा त्या निर्णयाकडे झुकवायचं नाही, तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहायचं, आणि देव व माणूस यांचा व्यवहार थेट होऊ द्यायचा. आजच्या कोचिंगच्या वर्गात पहिल्या आठवड्यात जे शिकवतात, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

याच इग्नेशियसना 1522 च्या सुमाराला मनरेसा गावी स्वतःबद्दलच्या शंकांनी इतकं छळलं होतं की जीव द्यावासा वाटू लागला. त्या अनुभवातून पुढे त्यांनी काही नियम केले. त्यातला एक मला फार उपयोगाचा वाटतो. मन उजाड झालेलं असताना आधी शांतपणे केलेला निश्चय बदलायचा नाही. म्हणजे रविवारी प्रसन्न मनाने ठरवलेली गोष्ट मंगळवारी रात्री अकरा वाजता, थकलेल्या डोक्याने, रद्द करायची नाही. बदलायचीच असेल तर पुन्हा शांत झाल्यावर बदला. शंका खरी की खोटी हा वाद त्यात नाहीच. ती कोणत्या वेळी बोलतेय एवढंच पाहायचं.

आता मानसशास्त्राकडे. 1978 साली जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोघींनी एक निबंध प्रसिद्ध केला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी त्यांचा संबंध आला होता. पदव्या, मानसन्मान, वरिष्ठांची शाबासकी सगळं असूनही या स्त्रियांना आतून वाटे, आपण तोतया आहोत, आज ना उद्या उघडे पडू. यश आलं की त्या ते नशिबावर, परीक्षकाच्या चुकीवर किंवा आपल्या गोड बोलण्यावर ढकलत. लेखिकांनी याला आजार म्हटलं नव्हतं, ‘तोतयेपणाचा अनुभव’ अशा अर्थाचंच नाव दिलं होतं. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत तो आजही नाही. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र लोक विसरतात. तो होता गटात बसण्याचा. समोर बसलेल्या हुशार बाईच्या तोंडून ‘मलाही असंच वाटतं’ हे ऐकलं की ‘हिला असं वाटणं किती चुकीचं आहे’ हे लगेच दिसतं, आणि मग आपल्याकडे पाहायची नजरही थोडी सैल होते.

दुसरा धागा अल्बर्ट बान्डुरा यांचा. ‘हे काम मला जमेल’ ही खात्री माणसात येते कुठून, याची चार उगमस्थानं त्यांनी 1977 साली मांडली. सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः केलेलं, थोडं का होईना, यशस्वी झालेलं काम. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं. तिसरा, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर. चौथा, शरीराची अवस्था. छातीत धडधडतंय याचा अर्थ आपण ‘भीती’ असा लावतो की ‘तयारी’ असा, यावर बरंच अवलंबून असतं.

हे चार उगम आपल्या मंडळ्यांना लावून पाहा. तिसऱ्याचा आपल्याकडे सुकाळ. ‘बाई, तुम्हाला देणगी आहे, प्रभू तुम्हाला वापरेल’ असं सांगणारे दहा जण भेटतील. पहिल्याचा दुष्काळ. एका माणसाबरोबर, पंचेचाळीस मिनिटं, नीट ठरवून, कोणीतरी निरखतंय अशा स्थितीत काम करून पाहण्याची सोयच नसते. आपल्या साक्षींचाही यात वाटा आहे. साक्षीत माणूस आधी घाबरलेला असतो, मग प्रार्थना होते, मग विजय. मधले आठ महिने, दोन फसलेले प्रयत्न, एक उधारी, हे गाळलेलं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आपली भीती अजून गेली नाही, म्हणजे आपलं पाचारण खरं नाही.

आपल्यासारख्या माणसाचं उदाहरण हवं असेल तर नाशिककराला लांब जावं लागत नाही. गंगापूरच्या बाजूला गोदावरीकाठी जलालपूर नावाचं गाव आहे. तिथल्या गोखल्यांची मनकर्णिका, 1868 ची, पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. 1880 साली लग्न झालं तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. शाळा नाही. घरात वडिलांच्या सोवळ्या-ओवळ्याचा कहर. नवरा नारायण वामन टिळक, विद्वान, कवी, आणि कधी घरातून निघून जाईल याचा नेम नाही असा. नवऱ्याला लहर आली की तो लिहायला-वाचायला शिकवायचा, लहर ओसरली की धडे बंद.

टिळकांनाही निर्णय घ्यायला वेळ लागलाच. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. तरी दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार, लपवाछपवी, घालमेल चाललीच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या एका दिवसाने लक्ष्मीबाईंचं आयुष्य दुभंगलं. त्या नवऱ्यापासून वेगळ्या, मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे परत आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळत. पाणी कुणाच्या हातचं, अन्न कुणाच्या हातचं, ही एकेक गाठ त्यांची त्यांनी सोडवली, आणि 1900 साली राहुरीला स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी घेतला नाही. पाच वर्षं घेतली.

1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं, जेमतेम सुरुवातीचे अध्याय झालेले. ते पुढे नेलं कुणी? ज्यांना नवऱ्याने अधूनमधून बाराखडी शिकवली होती त्या बाईंनी. त्यांनी 64 अध्याय लिहिले. मराठीतल्या त्या काळच्या एका मोठ्या कवीच्या कामाला हात लावायचा, तोही ओवीत, तोही ख्रिस्तचरित्रावर, हे धारिष्ट्य त्यांच्यात कुठून आलं असेल? मला बान्डुरांचा पहिला उगम आठवतो. तोवर त्या छोट्या कविता करत होत्या, बायकांपुढे बोलत होत्या, परक्या मुलांना घरात वाढवत होत्या. एकदम चौसष्टाव्या अध्यायावर कुणी पोचत नाही. मग मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून चार भागांत आली. पहिला भाग आला तेव्हा त्या पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. 1936 च्या फेब्रुवारीत नाशिकलाच त्यांचं निधन झालं. शांता गोखले यांनी त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 2017 साली केला, म्हणजे जलालपूरच्या न शिकलेल्या मुलीचं गद्य ऐंशी वर्षांनंतरही कुणाला तरी पुन्हा भाषांतरावंसं वाटतं.

आणि त्या पुस्तकात तोतयेपणाचा लवलेश नाही. मला जे येत नव्हतं ते येत नव्हतं, मी फजीत कशी झाले, मी भोळी कशी ठरले, हे त्या हसत सांगतात. आपलं अज्ञान झाकायचं नाही असं ठरवलं की उघडं पडायची भीतीच उरत नाही. आज कोच म्हणून बसणाऱ्याने पहिल्याच भेटीत ‘मी समुपदेशक नाही, डॉक्टर नाही, पाळक नाही, माझं प्रशिक्षण एवढं झालंय’ असं सरळ सांगितलं तर त्याची निम्मी धडधड तिथेच थांबते. शिवाय ते प्रामाणिकपणाचंही आहे.

शास्त्राचा आधार घ्यायचा तर लोक यिर्मया काढतात, गिदोन काढतात. मला मोशे जास्त जवळचा वाटतो, कारण तो हुज्जत घालतो. निर्गमाच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायात जळत्या झुडपापुढे तो एकामागून एक पाच हरकती घेतो. मी कोण? तुझं नाव काय सांगू? त्यांनी विश्वास ठेवला नाही तर? मला बोलता येत नाही. आणि शेवटी, दुसऱ्या कुणाला पाठव. पाचव्या हरकतीवर देव रागावतो खरा, पण पहिल्या चार हरकतींना तो वेगवेगळं उत्तर देतो, हे पाहण्यासारखं आहे. ‘मी कोण’ या प्रश्नाला ‘तू फार थोर आहेस’ असं उत्तर मिळत नाही, मी तुझ्यासोबत असेन एवढंच मिळतं. विश्वासाच्या प्रश्नाला हातातली काठी दाखवली जाते, म्हणजे जे साधन आधीच जवळ आहे ते. आणि रागावल्यावरही बोलता न येण्यावर तोडगा निघतो तो भावाचा, अहरोनाचा. ज्याला जे येत नाही त्यासाठी दुसरा माणूस जोडून दिला. हिशोब जमत नसेल तर हिशोब जमणारं माणूस, मोबाइलवरचं काम जमत नसेल तर पुतण्या, भाची. पाचारण खरं असेल तर सगळं मलाच आलं पाहिजे, असं त्या गोष्टीत कुठेही नाही.

आता पैसा. चारही शंकांत ही सर्वांत अवघड, आणि तिच्याबद्दल मोकळेपणी कुणी बोलत नाही. आपल्या समाजाची जडणघडण मिशनच्या पगारावर, मिशनच्या दवाखान्यात, मिशनच्या शाळेत झाली. सेवा मिळते ती फुकट किंवा नाममात्र दरात, आणि सेवा करणाऱ्याला महिन्याला ठरलेलं काहीतरी दुसरीकडून मिळतं, ही सवय तीन-चार पिढ्यांची. त्यामुळे श्रद्धेचं काम आणि ग्राहकाने दिलेले पैसे एका टेबलावर आले की आपल्याला अवघडल्यासारखं होतं.

पण नाशिकचाच इतिहास थोडा वेगळं सांगतो. शरणपूर ही वसाहत 1854-55 च्या सुमाराला चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवली. तिथे प्रार्थना होती, शाळा होती, आणि त्याबरोबरच सुतारकाम, लोहारकामासारखे उद्योगही होते. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे इथे आणली जात आणि अक्षरांबरोबर हातातलं कसब शिकत. त्यातले काही जण 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर आफ्रिकेच्या मोहिमेवर गेले. शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंगस्टन यांच्या मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत पोचला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटी वाहणाऱ्यांत होता. नंतर प्राइस मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवायला गेले तेव्हाही नाशिकला शिकलेले हे कारागीर उपयोगी पडले. श्रद्धा एकीकडे आणि पोटाचा धंदा दुसरीकडे अशी फाळणी त्या वसाहतीत नव्हती.

पौलाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवायचा. पण त्याची पत्रं नीट वाचली तर नियम एकच नाही असं दिसतं. सुवार्तेचं काम करणाऱ्याला त्यावर जगण्याचा हक्क आहे, हे तो जोरात मांडतो, करिंथात तो हक्क स्वतः सोडून देतो, आणि फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत मात्र आनंदाने घेतो. जागा बदलली की व्यवहार बदलला.

याच्या विरुद्ध बाजूला टिळक उभे आहेत, आणि त्यांना टाळून पुढे जाणं बरं नाही. 1917 च्या सप्टेंबरात त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही तिथे चालणार होते. ख्रिस्ती कामाला पगाराची आणि परकी मालकीची बेडी नको, हा त्यामागचा विचार मोठा होता. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला राहून राहून एक दिसतं. टिळक देऊन टाकतात, वाटून टाकतात, पाहुणे घरी आणतात, आणि चुलीपुढे आज काय शिजवायचं हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येतो. फुकट सेवेची किंमत कुणीतरी भरतंच, आणि ती बहुतेक वेळा घरातली बाई भरते. ‘मी पैसे घेत नाही’ असं अभिमानाने म्हणणाऱ्याने हा खर्च कोण उचलतंय ते एकदा घरात विचारावं.

माझं मत सांगतो. मंडळीत खांद्यावर हात ठेवून ऐकून घेणं ही सेवा, तिला दर नको. ठरलेली वेळ, ठरलेल्या बैठका, गुप्ततेची लेखी हमी, प्रशिक्षणावर झालेला खर्च, हे काम. त्याची फी असावी. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी महिन्यातल्या किती बैठका सवलतीत, हे आधीच आकड्यात ठरवावं, म्हणजे प्रत्येक वेळी दयेचा हिशोब मनात करावा लागत नाही. फी घेतल्याने आणखी एक होतं, ग्राहक वेळेवर येतो. कोच फी घेणार हे व्यवसायाची संघटनाही गृहीत धरते. तिच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि त्या शंभरातले किमान 75 तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. मोबदला किती याला बंधन नाही. कागदपत्रांची भीती अनेकांना वाटते, ती अनाठायी आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, राज्याच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात मोजकीच माणसं असतील तर फक्त सूचना द्यायची असते, आणि सेवांसाठी जीएसटीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला 20 लाख उलाढालीची आहे. सुरुवातीला त्या आकड्याची चिंता करावी लागेल असं कुणाला वाटत असेल तर त्याला आत्मविश्वासाचा प्रश्न नाहीच!

परवानगीच्या शंकेमागची ‘लोक काय म्हणतील’ ही भीती आपल्याकडे जरा जास्त खरी आहे, कारण समाज छोटा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक 10 लाख 80 हजारांच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याहून कमी. त्यातही नाशिकसारख्या शहरात कोण कुणाचा मावसभाऊ आणि कोण कुणाची विहीण हे सगळ्यांना ठाऊक. कोचकडे आलेल्या सुनेची सासू गायनमंडळात कोचच्याच शेजारी उभी असते. म्हणून गुप्ततेचा कागद हा इथे उपचार नाही, धंद्याचा पाया आहे. मला वाटतं पहिले काही ग्राहक आपल्या मंडळीबाहेरचे घ्यावेत. अहिल्यानगर, वसई, पुणे, दुबईत गेलेली मराठी कुटुंबं, व्हिडिओवर सगळे जवळ आहेत. पाळकसाहेबांना मात्र आधी भेटावं. परवानगी मागायला म्हणून जाऊ नये, माहिती द्यायला जावं. पाळकाचं काम आणि कोचचं काम कुठे वेगळं होतं हे त्यांना समजलं की बहुतेकांचा विरोध मावळतो. काहींचा नाही मावळत, तोही गृहीत धरावा.

आणखी एक शंका आज दबक्या आवाजात बोलली जाते. हे धर्मांतराचं काम आहे असा कुणी आरोप केला तर? त्याला उत्तर धैर्याचं नसून नियमाचं आहे. कोच ग्राहकाला कुठल्याच निर्णयाकडे झुकवत नाही, श्रद्धेच्या तर नाहीच. बैठकीत प्रार्थना हवी की नको हे ग्राहक ठरवतो, आणि ते पहिल्या करारात मराठीत, स्पष्ट लिहिलेलं असतं. एरवी इग्नेशियसचीच सूचना मोडल्यासारखं होईल.

उरली चौथी शंका, माझंच घर कुठे धड आहे. तिची समजूत घालायची मला घाई नाही, कारण तिच्यात तथ्य असू शकतं. स्वतःच्या लग्नाची वादळी वेळ चालू असताना दुसऱ्याच्या लग्नावर कोचिंग करायला बसू नये. तो विषय वर्षभर बाजूला ठेवून करिअरच्या किंवा वेळेच्या नियोजनाच्या बैठका घेता येतात. तसंच आपल्याला जमणारच नाही अशा गोष्टीही आहेत. समोरचा माणूस आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही म्हणतो, घरात मारहाण होतेय, व्यसन हाताबाहेर गेलंय, अशा वेळी कोचला वाटणारी शंका बरोबर आहे आणि तिचं ऐकलं पाहिजे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती तपासून दोन-तीन जणांची नावं आधीच जवळ ठेवावीत. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही मिळते. ‘प्रार्थनेने बरं होईल’ एवढ्यावर कुणाला परत पाठवणं हा विश्वास नव्हे, निष्काळजीपणा आहे.

कसबाबद्दलची जी शंका उरते ती एकट्याने आरशापुढे वाक्यं म्हणून जात नाही. प्रमाणपत्राच्या वाटेत 10 तास अनुभवी मार्गदर्शकाबरोबर काढावे लागतात. त्यात आपल्या बैठकीचं ध्वनिमुद्रण, ग्राहकाच्या संमतीने, त्याला ऐकवायचं असतं. तो सांगतो, इथे तुम्ही चार मिनिटं स्वतःच बोललात, इथे प्रश्नाच्या नावाखाली सल्ला दिलात, इथे ती रडायला लागल्यावर तुम्ही घाईघाईने शास्त्रातलं वचन काढून दिलंत. पुढच्या बैठकीत तेवढंच एक बदलायचं.